गर्भाशयमुखाचा कर्करोग : पाटकरी हरवतो तेव्हा

साठी-पासष्टीच्या एखाद्या मातेच्या तपासणीच्या कागदावर ‘एचपीव्ही’ हा शब्द उमटला, की घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला उघडपणे विचारला जातो : ‘डॉक्टर, या वयात हे कसे काय?’ दुसरा कोणी उच्चारत नाही, पण तो चेहऱ्यांवर वाचता येतो : ‘हे आले कोठून?’ हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढी अर्धी माहिती कोणीतरी कोठेतरी वाचलेली असते. यजमान जाऊन दहा-बारा वर्षे झालेली असतात. मग घरात अबोला सुरू होतो, सुना-मुली एकमेकींकडे पाहतात आणि ती माता स्वतःच संकोचाने पुढील तपासण्या टाळू लागते. रोगाने जितके नुकसान होते, त्यात या संकोचाची मोठी भर पडते.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या विषाणूच्या अंतर्गत कारभारात दडलेली आहेत. तो कारभार समजला, की संशयाला जागा उरत नाही आणि या आजारात आपल्याला वीस-वीस वर्षांची सवड कशी मिळते, हेही कळते. विषय थोडा सूक्ष्म आहे. म्हणून सावकाश, पायरीपायरीने जाऊ.

इवलासा विषाणू, मोजकीच जनुके

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. हातापायांवर येणारे चामखीळ याच कुळातल्या विषाणूंमुळे उठतात. या कुळाचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. बहुतेक निरुपद्रवी. सुमारे बारा-चौदा प्रकार मात्र कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे मानले जातात आणि त्यांतही १६ व १८ हे क्रमांक सर्वांत कुप्रसिद्ध. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे सत्तर टक्के या दोघांच्या खात्यावर जमा होतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये १६ क्रमांकाचा आणि पुढल्याच वर्षी १८ क्रमांकाचा विषाणू या कर्करोगाच्या पेशींतून शोधून काढला. त्यासाठी त्यांना २००८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या प्रत्येक पेशीतील डीएनएची पोथी सुमारे तीन अब्ज अक्षर-जोड्यांची असते. या विषाणूची पोथी अवघी आठ हजार जोड्यांची, आणि तीत सात-आठ जनुके. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर त्याला स्वतःचा संसार चालवता येत नाही. स्वतःच्या प्रती काढण्यासाठी लागणारी यंत्रणा त्याच्यापाशी नसते. ती त्याला आपल्या पेशींकडून उसनी घ्यावी लागते. म्हणून कोणते जनुक केव्हा चालू करावे, किती चालवावे आणि केव्हा थांबवावे, याचे गणित त्याला फार काटेकोर सांभाळावे लागते.

‘जनुक चालू होणे’ म्हणजे काय, हेही येथे पाहून घेऊ. जनुक ही प्रथिन बनवण्याची कृती आहे. ती पोथीत नुसती लिहिलेली असून भागत नाही. ती वाचली जावी लागते. आपल्या डोळ्यातील पेशीत आणि यकृतातील पेशीत पोथी तीच असते, पण उघडली जाणारी पाने वेगळी असतात. पान उघडून त्यानुसार प्रथिन तयार होणे, याला शास्त्रात जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

नळगंगेच्या किंवा पेनटाकळीच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगता येईल. धरणात पाणी आहे म्हणून शेत भिजत नाही. कोणत्या पाटाचे दार किती वेळ उघडे राहील, हे पाटकरी ठरवतो. त्याच्या हाताने पाणी बेताने सुटले तर पीक तरारते. दार उघडेच राहिले तर तेच पाणी शेत बुडवते. एचपीव्हीच्या पोथीतही असा एक पाटकरी आहे. त्या प्रथिनाचे नाव ई-२.

पाटकऱ्याचे काम

गर्भाशयाच्या मुखावरील त्वचेसारखे अस्तर अनेक थरांचे असते. तळाच्या थरात नव्या पेशी जन्म घेतात, हळूहळू वर सरकतात आणि शेवटी पृष्ठभागावरून गळून पडतात. एखाद्या सूक्ष्म ओरखड्यातून विषाणू तळाच्या थरापर्यंत पोहोचतो आणि तेथील पेशीत मुक्काम करतो. या काळात त्याची पोथी एका लहानशा वलयाच्या रूपात, आपल्या डीएनएपासून वेगळी, पेशीच्या केंद्रकात राहते.

या वलयात एक लहान पट्टा असा असतो, जेथे एकाही प्रथिनाची कृती लिहिलेली नाही. तो केवळ नियंत्रणासाठी राखलेला प्रदेश. पेशीची स्वतःची प्रथिने तेथे येऊन बसतात आणि विषाणूची जनुके वाचायला आरंभ करतात. ई-२ या प्रथिनालाही बसण्यासाठी तेथे ठरावीक जागा असतात. १६ क्रमांकाच्या विषाणूत अशा चार जागा आहेत. ई-२ जेव्हा अल्प प्रमाणात असते, तेव्हा ते कामाला चालना देते आणि ई-१ या आपल्या सोबत्याला हाताशी धरून विषाणूच्या पोथीच्या प्रती काढवते. त्याचे प्रमाण वाढले, की ते वाचनाचा आरंभ जेथून होतो, त्याच्या अगदी लगतच्या जागा अडवते. पेशीच्या प्रथिनांना मग तेथे टेकता येत नाही, वाचन मंदावते आणि पाटाचे दार खाली येते.

हे दार ज्या दोन जनुकांवर आहे, त्यांची नावे ई-६ आणि ई-७. पुढचा सारा अनर्थ या दोघांच्या हातून घडतो.

विषाणूला या दोघांची गरज का भासते? अस्तरात वर सरकू लागलेल्या पेशी वाढ थांबवून विसाव्याच्या वाटेला लागतात. तेथे प्रती काढण्याची यंत्रणा बंद पडलेली असते. विषाणूला तर नेमकी तीच यंत्रणा हवी. म्हणून ई-७ हे प्रथिन पेशीच्या ‘आरबी’ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटते. आरबी म्हणजे पेशीच्या वाढीचा ब्रेक. तो निकामी झाला, की पेशी पुन्हा विभाजनाच्या तयारीला लागते. हा संबंध १९८९ मध्ये उघडकीस आला. पण अवेळी विभाजन सुरू झालेली पेशी सहसा स्वतःला संपवून घेते. तिच्यात ‘पी-५३’ नावाचा रखवालदार बसलेला असतो. डीएनएमध्ये बिघाड दिसला तर तो काम थांबवतो आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मृत्यूचा आदेश देतो. ई-६ हे प्रथिन पेशीच्याच एका प्रथिनाला हाताशी धरून या रखवालदाराचा नाश घडवते. हे १९९० मध्ये सिद्ध झाले.

एकाने ब्रेक काढला, दुसऱ्याने रखवालदार हटवला. मात्र पाटकरी जागा आहे तोवर हे सारे अगदी बेताने चालते. विषाणूचे काम होईल इतकेच, पेशी बिथरणार नाही इतकेच. पेशी वरच्या थरात पोहोचली, की वाचनाचा आरंभ दुसऱ्याच ठिकाणाहून होऊ लागतो आणि एल-१, एल-२ ही विषाणूच्या कवचाची प्रथिने तयार होतात. पृष्ठभागावरच्या मरणोन्मुख पेशींतून नवे विषाणू गळून जातात. रक्तात शिरकाव नाही, ताप नाही, दुखणे नाही, सूज नाही. आपल्या प्रतिकारशक्तीला चाहूल लागण्यासही म्हणूनच उशीर होतो.

चाहूल लागली मात्र, की बहुतेकींचे शरीर हा पाहुणा बाहेर काढते. दहांपैकी सुमारे नऊ जणींत एक-दोन वर्षांत विषाणू तपासणीत सापडेनासा होतो. आयुष्यात केव्हातरी हा संसर्ग बहुतेक विवाहित स्त्री-पुरुषांना होऊन गेलेला असतो, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यात लाज वाटण्याजोगे काहीच नाही.

दार उघडे राहते

मोजक्या स्त्रियांत विषाणू वर्षानुवर्षे टिकून राहतो. अशा दीर्घ मुक्कामात कधीतरी एक अपघात होतो. विषाणूच्या पोथीचे वलय तुटते आणि तो तुकडा आपल्या गुणसूत्रात जाऊन जोडला जातो. वलय कोठेही तुटू शकते. पण ते ई-२च्या जागी तुटले, तर ई-२ची कृती भंगते आणि ई-६ व ई-७च्या कृती शाबूत राहतात. अशा पेशी वाढीत इतरांवर मात करतात, म्हणून कर्करोगाच्या गाठीत आपल्याला नेमक्या त्याच सापडतात. पाटकरी गेला, दार उघडे राहिले. आता दोन्ही प्रथिने अखंड तयार होऊ लागतात. पेशी ब्रेकशिवाय धावते, रखवालदार नसल्याने डीएनएतल्या चुका साचत जातात आणि अनेक वर्षांनी त्यातून कर्करोग आकार घेतो. सर्वच रुग्णांत असे वलय तुटत नाही. काहींत ई-२ शाबूत असते, पण त्याच्या बसण्याच्या जागांवर रासायनिक खुणा चढतात आणि त्याला तेथे टेकता येत नाही. परिणाम तोच.

यात विषाणूचाही लाभ नाही. गुणसूत्रात अडकलेल्या तुकड्यातून नवे विषाणू निर्माण होऊ शकत नाहीत. म्हणजे कर्करोग हा त्याच्या व्यवस्थेचा हेतू नव्हे. ती व्यवस्था मोडल्यावर उरलेला अवशेष आहे.

याचा एक विलक्षण पुरावा प्रयोगशाळेत मिळाला. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन कृष्णवर्णीय स्त्रीचे १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने निधन झाले. तिच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी ‘हेला’ या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या पेशींत १८ क्रमांकाचा विषाणू आहे आणि त्याचा ई-२ तुटलेला आहे. १९९०च्या दशकात शास्त्रज्ञांनी या पेशींत ई-२ प्रथिन पुन्हा आणून पाहिले. ई-६ व ई-७ची जनुके मिटली, आरबी आणि पी-५३ पुन्हा कामाला लागले आणि चार दशके अविरत विभागत आलेल्या त्या पेशींची वाढ थांबली. पाटकरी परतला आणि दार खाली आले. यावर आधारलेला उपचार रुग्णाच्या खाटेपर्यंत अद्याप पोहोचलेला नाही; पण या कर्करोगाची किल्ली कोठे आहे, हे त्यातून निर्विवाद कळले.

काळजी घेणाऱ्यांना या ज्ञानाचा एक छोटा उपयोग लगेच होईल. बायोप्सीच्या अहवालात कधीकधी ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते. हा आणखी एखादा वेगळा रोग नव्हे. ब्रेक लागत नाही असे दिसल्यावर पेशी तो दाबण्याचा आटापिटा करते आणि त्या धडपडीत पी-१६ हे प्रथिन साचत जाते. म्हणजे ई-७ कामाला लागल्याची ती खूण.

मग ‘या वयात’ का?

आता पहिल्या दोन प्रश्नांकडे येऊ. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या स्त्रीत साधारण पंधरा ते वीस वर्षांचा असतो, कधी त्याहूनही दीर्घ. साठाव्या वर्षी सापडलेल्या गाठीचे बीज पंचविशीत, तिशीत, लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पडलेले असू शकते. तो विषाणू पतीकडून आला असेल, आणि पतीलाही तो कधी, कोठून मिळाला हे ठाऊक नसेल. पुरुषांत बहुधा कोणतेच लक्षण नसते. जुना, सुप्त राहिलेला संसर्ग उतारवयात प्रतिकारशक्ती मंदावल्यावर पुन्हा तपासणीत दिसू शकतो. कागदावरच्या त्या शब्दावरून कोणाच्याही आजच्या किंवा कालच्या वर्तनाचा निष्कर्ष काढता येत नाही. मुलगे, सुना, दीर, जावई, सर्वांनीच हे मनावर कोरून ठेवावे.

काळजी घेणाऱ्यांच्या मनातील आणखी एक भीती दूर करतो. ताट-वाटी, कपडे, अंथरूण, एकत्र जेवण किंवा सेवा-शुश्रूषा यांतून हा कर्करोग लागत नाही. आईची भांडी वेगळी ठेवण्याचे, नातवंडांना तिच्यापासून दूर करण्याचे कारण नाही.

बार्शीने जगाला दिलेले उत्तर

एवढी दीर्घ सवड असेल, तर त्या काळात विषाणू शोधून काढला पाहिजे, हे ओघाने आलेच. पण त्याने खरोखर प्राण वाचतात का? या प्रश्नाचे जगातील एक अत्यंत महत्त्वाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातील खेड्यांतून आले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्थेने मिळून १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू केला. डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने हे त्याचे अध्वर्यू. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटात एचपीव्हीचा डीएनए शोधणारी चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी केली जाणारी तपासणी, आणि चौथ्यात केवळ नेहमीची आरोग्यसेवा व माहिती. ज्यांच्यात दोष आढळला, त्यांची पुढील तपासणी व उपचार झाले.

आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटातील सुमारे ३४ हजार स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. नेहमीच्या सेवेच्या गटातील सुमारे ३१ हजार स्त्रियांपैकी ६४. केवळ एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींनी त्या अभ्यासात मृत्यूंमध्ये तशी ठळक घट दिसली नाही. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवण्यावरून पुढे नैतिक वाद झाला आणि तो रास्तच होता. पण त्या भगिनींच्या सहभागातून मिळालेले ज्ञान आता जगभर वापरले जाते.

एचपीव्ही चाचणी सरस का ठरली, ते आपण पाहिलेल्या विषाणूच्या कारभारातून कळते. पॅप स्मिअरला पेशींचा आकार बिघडलेला दिसावा लागतो. एचपीव्हीची चाचणी त्याआधीच, पाटकरी अजून जागेवर असतानाही, विषाणूचा मुक्काम ओळखते.

व्हिनेगरच्या तपासणीला मात्र कमी लेखू नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या याच तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्वस्त साधन असले, तरी ते नियमाने आणि कुशल हातांनी वापरले तर गुण देते.

घरातील ज्येष्ठ स्त्रियांसाठी

देशात २०२० या एका वर्षात या कर्करोगाचे सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आणि पाऊण लाखाहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. खालील गोष्टी त्यासाठीच शांतपणे वाचाव्यात.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त जाणे, मग ते एक थेंब का असेना, कधीही स्वाभाविक नसते. ‘उष्णता झाली’, ‘पाळी परत आली’ असे म्हणून ते अंगावर काढू नये. दुर्गंधीयुक्त किंवा पाण्यासारखा स्राव, संबंधानंतर रक्त दिसणे, ओटीपोटात किंवा कमरेत सतत दुखणे, एकाच पायावर सूज येणे, यांपैकी काहीही असल्यास आठवडाभरात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. रक्तस्राव असेल तेव्हा तपासणीच्या मोहिमेची वाट पाहू नये. तेव्हा थेट निदानच करून घ्यावे लागते.

कोणतीही तक्रार नसलेल्या ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी शासकीय कार्यक्रमात व्हिनेगरच्या तपासणीची तरतूद आहे. आपल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचा दिवस विचारावा. पाळी गेल्यानंतर मात्र गर्भाशयमुखाचा तपासण्याजोगा भाग आत सरकतो आणि डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून पन्नाशीनंतर, शक्य असेल तेथे, एचपीव्हीची चाचणी किंवा पॅप स्मिअर अधिक भरवशाचे. पासष्टी ओलांडली आणि आयुष्यात एकदाही तपासणी झाली नसेल, तरी ती एकदा करून घेण्यासारखी आहे.

‘माझी गर्भपिशवी काढली आहे’ असे अनेक माता सांगतात. शस्त्रक्रियेत गर्भाशयाचे मुखही काढले होते का, आणि ती कोणत्या कारणासाठी झाली होती, हे जुन्या कागदांवरून पाहावे. मुख शिल्लक असेल तर धोकाही शिल्लक असतो.

एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या स्त्रियांत वीस वर्षांची सवड पाच-दहा वर्षांवर येऊ शकते. त्यांनी तपासण्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून वेगळे ठरवून घ्यावे. धूम्रपान हे विषाणूला साथ देणारे आहे. बिडीचा धूरही त्यात आला.

‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ याचा अर्थ कर्करोग झाला असा नाही. विषाणू आढळला, आता पुढची तपासणी करावयाची, इतकाच त्याचा अर्थ. दुर्बिणीने गर्भाशयमुख पाहून पूर्वअवस्था आढळल्यास तो भाग गोठवून, जाळून किंवा तारेने काढून टाकता येतो; बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येते. विषाणू मारण्याचे औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांवर आणि गोळ्यांवर मात्र पैसा व महिने घालवू नयेत. विषाणूवर असे सिद्ध औषध आज उपलब्ध नाही.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आईला किंवा सासूबाईंना तपासणीस नेणे हे बहुधा लेकीला किंवा सुनेलाच जमते. विषय काढताना ‘कर्करोग’ या शब्दाने आरंभ करू नये. ‘मलाही करायची आहे, आपण दोघी जाऊ’ हे वाक्य अधिक उपयोगी पडते. तपासणी स्त्री डॉक्टरांकडे होईल का, हे आधी विचारून ठेवावे. वृद्ध स्त्रियांत जागा कोरडी असल्याने थोडे दुखू शकते. ते डॉक्टरांना आधी सांगितले तर लहान उपकरण वापरता येते.

निदान झालेच, तर उपचारासाठी आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांना बहुधा अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागते. रोग थोडा पुढे गेलेला असल्यास किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतो. सोबत आठवड्याला एकदा केमोथेरपी आणि शेवटी आतून दिला जाणारा किरणोपचार. हा क्रम मध्येच खंडित झाला तर गुण कमी येतो. लांबून रोज ये-जा अशक्य ठरते, म्हणून राहण्याची सोय, सोबतीच्या माणसांच्या पाळ्या आणि शेतीच्या कामांची वाटणी उपचाराच्या पहिल्या दिवसाआधीच ठरवून घ्यावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून या उपचारांचा खर्च भागू शकतो; शिधापत्रिका व आधार कार्ड हाताशी ठेवावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे. पहिल्या टप्प्यात सापडलेला हा कर्करोग बहुतांश रुग्णांत बरा होतो, हे त्या मातेला स्पष्ट शब्दांत सांगावे.

आणि नातींसाठी

ज्या एल-१ प्रथिनापासून विषाणूचे कवच बनते, त्याच प्रथिनाची रिकामी कवचे म्हणजे एचपीव्हीची लस. तिच्यात ई-६ नाही, ई-७ नाही, विषाणूची पोथीच नाही. म्हणून तिच्यामुळे संसर्ग किंवा कर्करोग होऊ शकत नाही. शरीर कवच ओळखायला शिकते आणि पुढे खरा विषाणू आला तर तो पेशीत शिरण्याआधीच अडवते. आधीच मुक्कामाला असलेल्या विषाणूवर मात्र तिचा इलाज चालत नाही, म्हणून ती आजीला देण्यात अर्थ नाही; नऊ ते चौदा वर्षांच्या नातीला द्यावी.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. भारतातील हजारो मुलींवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात एकाच मात्रेनेही १६ व १८ या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून उत्तम संरक्षण मिळाल्याचे दिसले. त्या अभ्यासाच्या केंद्रांतही बार्शी होते. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करावयाचीच असते, कारण लस सर्व प्रकारांना आवर घालत नाही.

लसीविषयी घरात शंका निघतात, तेव्हा आजीचा शब्द सर्वांत वजनदार ठरतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. ‘पोरीला आत्तापासून कशाला?’ असे कोणी म्हणाले, तर आजीने एवढेच सांगावे : हा विषाणू तिशीत शिरतो आणि साठीत हिशेब मागतो, दार त्याआधी लावायचे असते.